चौथ्या मजल्याचा ओटा

उम्मलखैरला वसतिगृहात एकटीची खोली मिळाली, तेव्हा तिच्या मावसबहिणीनं फोनवर अक्षरशः गळा काढला. दुःखानं नव्हे, हेव्यानं.

"एकटीची? न्हाणीघरासकट? अगं, वहरानच्या वसतिगृहात आम्ही चौघी होतो एका खोलीत! एक घोरायची, एक झोपेत भांडायची, आणि तिसरी रोज माझाच टॉवेल वापरायची. तू कुठलं पुण्य केलंस गं, खैरा?"

खैराला वाटलं, खरंच काहीतरी केलं असावं. ती तिमिमूनची. वाळवंटातलं लाल मातीचं गाव, खजुरीच्या बागा, आणि एवढ्याशा घरात आठ भावंडं. एकटीनं झोपणं हे तिनं तापात सोडलं तर कधी अनुभवलं नव्हतं. जीवशास्त्राला प्रवेश मिळाला तो थेट उत्तरेला, कसन्तीनाला. दोन बस बदलून, अंग आंबून ती पोचली, आणि शहराबाहेरच्या उघड्या पठारावर उभी असलेली ती पांढरीशुभ्र सहा मजली इमारत बघून तिचा सगळा शीण उतरला. चौथ्या मजल्यावर खोली. नवी कोरी गादी, टेबल, कपाट, गरम पाणी. पहिल्या संध्याकाळी ती मनसोक्त न्हाली, कुणी दार ठोठावलं नाही. केस पुसत ती पलंगावर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "वा!"

त्यानंतर बराच काळ त्या खोलीत कुणी काही बोललं नाही.

तसा त्या इमारतीत दोष काढायला जागा नव्हती. सगळं स्वच्छ, सगळं नवं. पण खोलीच्या दाराला वर एक लोखंडी हात बसवलेला होता. दार उघडून सोडलं की तो हात ते ओढून घ्यायचा आणि धप्पकन लावून टाकायचा. दाराबाहेर लांबच लांब बोळ. दोन्ही बाजूंना दारंच दारं, खिडकी एकही नाही. तिथला दिवा माणूस चालत असेल तेवढाच वेळ जळायचा, थांबलं की विझायचा. त्यामुळे बोळात कुणी थांबतच नसे. पोरी लिफ्टमधून निघत, कानात गाणी घालून झपाझप चालत, किल्ली फिरवत, आणि धप्प. खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची कोरी भिंत दिसे, इतकी जवळ की ऊन कधी आलं आणि कधी गेलं हे घड्याळात बघूनच कळायचं. खानावळीत टेबलं भिंतीला लावलेली. शोरब्याचा वाडगा घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं. भिंतही पांढरीच.

एका शुक्रवारी खैरा पाव आणायला खाली दुकानात गेली. "दोन द्या," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि घशातून बेडकासारखा आवाज आला. दुकानदार म्हातारा होता. त्यानं काळजीनं विचारलं, "घसा धरलाय का, बिन्ती? लिंबू नेतेस का, पोरी?" घसा धरला नव्हता. आदल्या दुपारपासून तो वापरलाच नव्हता, हे तिला पायऱ्या चढताना उमगलं, आणि ती जिन्यातच थोडा वेळ बसून राहिली.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला.

"शेजारीण कोण आहे तुझी?"

"माहीत नाही, यम्मा."

"माहीत नाही म्हणजे? रिकामी आहे का खोली?"

"नाही. आहे कुणीतरी. खोकते रात्रीची."

"मग खोकल्याला काही दिलंस की नाही?"

"अगं, मी तिला पाहिलंसुद्धा नाही अजून!"

आईला हे पटेना. तिमिमूनच्या तिच्या गल्लीत कोण खोकलं, कोण शिंकलं, कुणाची शेळी व्यायली, हे तिला अंथरुणात पडल्या पडल्या कळत असे. ती म्हणाली, "दार उघडं टाक आणि बाहेर बस. माणसं काय भिंतीतून येणार आहेत तुझ्याकडे?"

"दार उघडं राहत नाही, यम्मा. आपोआप लागतं."

"मग तू बाहेर राहा. तुला कुणी आपोआप लावलंय का?"

खैराला हसू आलं. पण हसता हसता डोळे भरून आले, म्हणून तिनं घाईनं फोन ठेवला.

आईचं बोलणं मात्र तिच्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी, संध्याकाळची अजान होऊन गेल्यावर, तिनं न्हाणीतली बादली बाहेर आणून दाराशी पालथी घातली, वर उशी ठेवली आणि ठाण मांडून बसली. मांडीवर मसुरीचं ताट, शेजारी वनस्पतींची वही. खडे वेचायचे आणि शेवाळ्यांची नावं पाठ करायची. थोड्या वेळानं दिवा विझला. तिनं हात वर करून हलवला, दिवा लागला. पुन्हा चार खडे, पुन्हा अंधार, पुन्हा हात. येणाऱ्याजाणाऱ्या पोरी तिच्याकडे बघत, "सलाम" पुटपुटत आणि वाट वाकडी करून निघून जात. ही बाई इथे का बसलीय हे विचारायचं धाडस कुणालाच होईना.

चौथ्या संध्याकाळी नारिमान आली.

नारिमान अन्नाबाची, समुद्राकाठची, कायदा शिकणारी. बोळाच्या त्या टोकाला राहायची. लिफ्टमधून बाहेर पडली ती मोबाइलमध्ये डोकं खुपसून. बोळात मिट्ट काळोख होता. पाऊल टाकणार एवढ्यात मोबाइलच्या अंधुक उजेडात तिला समोर, हवेत, एक हात हलताना दिसला. नुसता हात. पुढेमागे काही नाही. आणि तो तिलाच बोलावत होता.

तिनं जी किंकाळी फोडली ती खाली पहारेकऱ्याला ऐकू गेली, असं पुढे कित्येक दिवस सगळ्या सांगत.

खैरा दचकून उठली, बादली लवंडली, ताट उडालं आणि मसूर बोळभर पसरली. आणि मग, ती इमारत उभी राहिल्यापासून कधी झालं नव्हतं ते झालं. चौथ्या मजल्यावरची सगळी दारं एकदम उघडली. एक पोरगी डोक्याला टॉवेल गुंडाळून, एक तोंडात ब्रश धरून, एक हातात चप्पल उगारून. सगळ्यांत शेवटी एक उंचच उंच पोरगी बाहेर आली; तिच्या तोंडाला हिरवट माती थापलेली होती. तिला पाहून नारिमाननं दुसरी किंकाळी फोडली.

"काय झालं? चोर?"

"हात!" नारिमान भिंतीला चिकटून म्हणाली. "नुसता हात! जिन्न आहे या मजल्यावर!"

"जिन्न नाही गं," खैरा रडवेल्या सुरात म्हणाली, "मी आहे. मी मसूर निवडत होते."

मग चपलेवाली फिस्सकन हसली, आणि त्या हसण्याची लागण अशी झाली की ब्रशवालीच्या तोंडातला फेस समोरचीच्या अंगावर उडाला. हसत हसत सगळ्या खाली बसल्या आणि मसूर गोळा करू लागल्या. सगळ्या बसल्या, म्हणून दिवा विझला. अंधारात कुणीतरी ओरडलं, "अगं, कुणीतरी हात हलवा!" सगळ्यांनी एकदम हात हलवले.

मसूर गोळा होईपर्यंत खैरानं खोलीतून चहाचं सामान आणलं. विजेची शेगडी वापरायला वसतिगृहात सक्त मनाई होती, आणि ती प्रत्येकीकडे होती. तिमिमूनचा चहा म्हणजे सावकाशीचं काम. पहिला पेला कडक, दुसरा मध्यम, तिसरा गोड. आणि तिन्ही होईपर्यंत उठायचं नाही. नारिमान पहिला घोट घेऊन म्हणाली, "बाप रे, हा चहा आहे की शिक्षा?"

"थांब, तिसऱ्या पेल्यापर्यंत सुटका होते," खैरा म्हणाली.

माती थापलेली उंच पोरगी तोंड धुऊन आली आणि खैराशेजारी टेकली. बसता बसता ती खोकली. खैरानं झटकन मान वळवली.

"तू आहेस ती!"

"कोण मी?"

"माझी शेजारीण! तुझा खोकला पाठ झालाय मला. आधी दोन बारीक, मग एक मोठा."

ती दिहिया. औरेसच्या डोंगरातली, गुरांची डॉक्टरकी शिकणारी. ती ओशाळून म्हणाली, "आणि मला वाटायचं तू शिष्ट आहेस. तुझ्या खोलीतून कधी आवाजच येत नाही."

"कुणाशी बोलू? कपाटाशी?"

"मी बोलते कपाटाशी," दिहिया म्हणाली. सगळ्या हसल्या. ती हसली नाही. पेला दोन्ही हातांत धरून ती हळूच म्हणाली, "मी बॅग भरून ठेवलीय. या गुरुवारी घरी निघणार होते. परत न येण्यासाठी. अभ्यास जड जातो म्हणून नाही. अभ्यास आवडतो मला. पण रोज संध्याकाळी ते दार लागलं ना मागे, की वाटायचं, मी आज इथे मेले तर कळणार कुणाला? वास आल्याशिवाय?"

चपलेवाली, जी आत्ताआत्तापर्यंत सर्वांत मोठ्यानं हसत होती, ती नाक ओढत म्हणाली, "मीपण." मग टॉवेलवाली म्हणाली, "मला वाटायचं, मी एकटीच अशी वेडी आहे." दिवा विझला होता, पण त्या वेळी कुणी हात हलवला नाही. बरंच बोलणं त्या अंधारातच झालं.

गुरुवारी दिहियानं बॅग रिकामी केली. तिला खैरा आणि नारिमाननं मदत केली. म्हणजे त्या पलंगावर बसून तिचे स्वेटर अंगाला लावून बघत होत्या.

हिवाळाभर मग चौथ्या मजल्याचा नेमच पडला. अजान झाली की बोळात बादल्या पालथ्या पडत, सतरंज्या पसरत, पुस्तकं येत, कुणाच्या घरून आलेली जैतुनाची खारवलेली फळं येत. दिवा लावत राहायचं काम पाळीनं वाटून घेतलं होतं. जिची पाळी तिला 'दिवेकरीण' म्हणत. दिवेकरणीचं लक्ष अभ्यासात फार गेलं की सगळ्या अंधारात ओरडत, "दिवेकरीणबाई, उजेड पाडा!" नारिमान कायद्याची कलमं मोठ्यानं वाचायची आणि दिहिया मध्येच म्हणायची, "हे कलम गायीला लागू आहे का?" बाहेर पठारावर वारा घोंगावायचा, पण बोळात तो कुणाला ऐकू येत नसे.

आणि मग एके दिवशी मादाम झुलैखा वर आल्या.

मादाम झुलैखा म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुख. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज असा की माणूस आपोआप सरळ उभा राहावा. त्या लिफ्टच्या दारातच थबकल्या आणि बादल्या, सतरंज्या, पेले, वह्या, शेगडी या सगळ्यावरून त्यांनी नजर फिरवली.

"हा रस्ता आहे की आठवड्याचा बाजार?"

"मादाम, आम्ही अभ्यास करतोय," खैरा उठून उभी राहत म्हणाली.

"अभ्यासाला खोली दिलीय. आख्खी, एकटीची. माझ्या वेळी एवढी जागा नवऱ्याला आणि मला मिळून नव्हती. सगळं आत न्या."

"मग आम्ही बसायचं कुठे?"

"खोलीत."

"खोलीत एकच खुर्ची आहे, मादाम."

"मग एकीनं बसावं!"

मागून नारिमान खुदकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर हात घेतला. मादाम मात्र चिडल्या नाहीत. त्या खैराच्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, बिन्ती. मी काही दुष्ट नाही. उद्या आग लागली, धूर झाला, आणि पळताना तुमच्या या बादलीला अडखळून एखादी पोर पडली, तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू? सांग तूच."

बाई बरोबर बोलत होती. खैरानं बादली उचलली.

मग पोरींनी खोल्यांत जमून पाहिलं. पलंगावर पाचजणी दाटीवाटीनं, एक खुर्चीवर, एक टेबलावर. पण बात जमेना. आज कुणाकडे, उद्या कुणाकडे, हे ठरवावं लागे. बोलावलं तर जायचं, विसरल्या तर रुसायचं. टॉवेलवालीला दोनदा कुणी सांगितलं नाही आणि तिनं यायचंच सोडलं. दार धप्पकन लागलं की आत कोण हसतंय हे बाहेरचीला कळत नसे, आणि बाहेरून कोण एकटी जातेय हे आतल्यांना. बोळ पुन्हा पहिल्यासारखा झाला. उलट आता जास्तच वाईट वाटायचं, कारण आता सगळ्यांना माहीत होतं की दारांच्या मागे कोण कोण आहे.

वसंत लागला. पठारावर गवत उगवलं, मेंढ्या आल्या. मादामनी एके सकाळी सांगितलं की ज्यांनी ही इमारत आखली ते आर्किटेक्ट स्वतः येणार आहेत, फोटो काढायला. तेव्हा खिडक्यांतले कपडे काढा, बोळात कुणी दिसता कामा नये, वर्ग नसेल त्यांनी आपापल्या खोलीत थांबा.

खैराला त्या दिवशी वर्ग नव्हता. ती दाराला कान लावूनच बसली. आधी लिफ्टचा आवाज, मग दोन पुरुषांची बोलणी. "इथून घे. इथून पूर्ण लांबी येईल. बघ कशी सरळ रेघ गेलीय!" दुसरा म्हणाला की उजेड कमी पडतोय, तो शहरातून मोठा दिवा घेऊन येतो. पावलं गेली. मग एक पुटपुटणं, "अरे, हे काय आता?"

खैरानं दार किलकिलं केलं. काळोखात एक गृहस्थ भिंत चाचपत उभे होते.

"हात हलवा, सी!" ती म्हणाली.

"काय?"

"हात हलवा. या दिव्याला माणूस नुसता उभा असला तर दिसत नाही. हलला तरच दिसतो."

त्यांनी हात हलवला. लख्ख उजेड झाला. पांढऱ्या मिशा, नीटनेटका कोट आणि चेहऱ्यावर ओशाळलेलं हसू. इमारत आखणारे ते हेच, लखदर त्यांचं नाव. सगळे मानानं सी लखदर म्हणत. खैराला मादामची ताकीद आठवली. पण समोर वडिलांच्या वयाचा माणूस ताटकळत उभा, आणि आपण दार लावून घ्यायचं, हे काही तिला तिच्या आईनं शिकवलं नव्हतं. तिनं बादली आणून पालथी घातली, वर उशी ठेवली.

"बसा. चहा टाकते. लवकर होणार नाही, आधीच सांगते."

सी लखदर बादलीकडे बघत राहिले, मग सावरून बसले. खैरा उंबऱ्यात बसली, पाठीनं दार अडवून; तो लोखंडी हात तिच्या पाठीशी कुरबुरत होता. दिवा विझला. सी लखदरनी स्वतःहून हात हलवला. पुन्हा विझला, पुन्हा हलवला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "हे फारच त्रासदायक आहे."

"हिवाळ्यात आम्ही हे आळीपाळीनं करायचो," खैरा म्हणाली, आणि तिनं त्यांना सगळी हकिगत सांगितली. हात, किंकाळी, मसूर, दिवेकरीण. ते इतके हसले की पेल्यातला चहा कोटावर सांडला. आवाज ऐकून नारिमान आली, दिहिया आली. बॅगची गोष्ट दिहियानं स्वतःच सांगितली, सरळ, डोळ्यांत बघून. मग ते हसायचे थांबले.

त्यांनी पेला खाली ठेवला. "मी शिकायला होतो तेव्हा," ते म्हणाले, "आम्ही सहाजण एका खोलीत. माझं पत्र आलं की माझ्या आधी पाचजण वाचायचे. माझा भाऊ वारला ते कळलं तेव्हा रडायला जागा नव्हती मला. संडासात जाऊन रडलो, तर बाहेरून लोक दार वाजवत होते. तेव्हाच ठरवलं, कधी काळी मी पोरांसाठी घर बांधलं, तर प्रत्येकाला दार देईन. स्वतःचं, आतून कडी लावता येईल असं."

खैराला एकदम तो माणूस फार जवळचा वाटला. ती म्हणाली, "दार चांगलंच आहे, सी लखदर. मी पहिल्या दिवशी इतकी खूश होते! दार नका काढू. पण दाराबाहेर काहीच नाही हो. उघडलं की रस्ता. आमच्याकडे घर आणि गल्ली यांच्या मध्ये मातीचा ओटा असतो. अर्धा घरचा, अर्धा गावचा. तिथे बसलं की कुणाला बोलवावं लागत नाही, कुणाला टाळावं लागत नाही. जो थांबला तो थांबला. खोलीत बोलावलं तर पाहुणी येते. आम्हांला शेजारीण पाहिजे होती."

"आणि आता बोळात बसणंही बंद," नारिमान म्हणाली. "आग लागेल म्हणून."

नेमक्या त्याच वेळी लिफ्ट उघडली आणि मादाम झुलैखा बाहेर आल्या. पाहतात तर खास पाहुणे पालथ्या बादलीवर, कोटावर चहाचा डाग, आणि भोवती त्याच तिघी.

"रस्ता अडवल्याबद्दल माफी असावी, मादाम," सी लखदर उठत म्हणाले. "नियमाप्रमाणे मला आत न्यायला हवं, पण खोलीत खुर्ची एकच आहे असं कळलं."

मादामच्या चेहऱ्यावर राग आणि हसू यांची झटापट झाली. हसू जिंकलं. मग त्या एकदम म्हणाल्या, "खरं सांगू का? यांना बंद केलं तेव्हापासून या मजल्यावर आलं की मला इस्पितळात आल्यासारखं वाटतं. आधी खालपर्यंत हसणं ऐकू यायचं. पण रस्ता तो रस्ताच, तिथे मी बसू देणार नाही." त्यांनी जुडगा चाचपला. "ते जिन्याजवळचं गोदाम आहे ना, त्यात मोडके पलंग भरलेत. ती जागा वाटेत येत नाही. तिथे बसल्या तर आगीच्या नियमाला काय धाड भरणार आहे?"

सगळे गोदामाकडे धावले. मादामनी कुलूप काढलं. गाद्यांचे ढीग, पलंगांच्या पायांचे तुकडे, धूळ. सी लखदरनी बोळाकडच्या भिंतीवर बोटांनी टकटक केली, कान लावला, पुन्हा टकटक केली. मग मागे वळले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"ही भिंत कशालाच आधार देत नाही. नुसती उभी आहे. काढून टाकली तर इमारतीला पत्ता लागणार नाही."

"आणि पलंग?" मादाम म्हणाल्या.

"पलंग मोडके आहेत, मादाम. कुठेही टाका, त्यांना एकटं वाटणार नाही."

परवानगी यायला वेळ लागला. वरच्या कचेरीतून विचारणा झाली, सी लखदरनी नकाशे पाठवले, मादामनी फोनवर तो आपला खास आवाज वापरला. अखेर वसंताच्या सुटीत गवंडी आले आणि भिंत पाडली. पोरी परत आल्या तेव्हा चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतला. गाद्यांच्या मागे इतके दिवस एक भली मोठी खिडकी दडलेली होती. तिच्यातून ऊन थेट बोळाच्या मध्यापर्यंत आलं होतं. खाली हिरवं पठार, मेंढ्या, आणि पार लांब डोंगरांची निळी रांग. दिहिया काचेला नाक लावून ओरडली, "ते आमच्या बाजूचे डोंगर आहेत!" ते नव्हते, पण कुणी तिला सांगितलं नाही.

मग पोरींनी इर्जिक घातली. एकीनं भिंती घासल्या, एकीनं रंग लावला. गवंड्यांनी सोडलेल्या विटा खिडकीखाली रचून खैरानं ओटा बांधायला घेतला, गुडघ्यापर्यंत गिलाव्यानं माखून ती हुकूम सोडत होती आणि नारिमान तक्रार करत होती, "मी वकील होणार आहे, गवंडी नाही!" टॉवेलवाली न बोलावता आली आणि तिनं न विचारता थापी उचलली. ओट्याला लाल रंग दिला. तिमिमूनच्या मातीसारखा तो काही जमला नाही, जरा गुलाबीच झाला.

ओटा वाळला त्या दुपारी ब्राज करायचं ठरलं. वसंतात रव्याच्या या वड्या कसन्तीनात घरोघर होतात. रवा तुपात मळायचा, मध्ये खजुराचा थर घालायचा, तव्यावर खरपूस भाजायचं. रवा दिहियानं मळला, खजूर खैराच्या घरचा. आणि भाजायला? सगळ्यांनी आपापल्या चोरट्या शेगड्या आणल्या आणि ओळीनं लावल्या. सातवी शेगडी लागली आणि फट् असा आवाज होऊन आख्ख्या इमारतीची वीज गेली.

थोड्याच वेळात जिन्यातून पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरी रागानं लाल होऊन वर आल्या. "कोणाचा उद्योग आहे हा? माझं अर्धं टिपण गेलं!" तेवढ्यात त्यांना ऊन दिसलं, खिडकी दिसली, मग वास आला. पाठोपाठ पाचव्या मजल्यावरच्या आल्या. खैरानं प्रत्येकीच्या हातावर गरम वडी ठेवली. शिव्या तोंडात होत्या, पण तोंडात आता वडी होती. कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. खैरानं आपल्या गावाकडचं एक गाणं सुरू केलं, ज्यात एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी खांद्याला खांदा लावून ती झेलायची. शब्द कुणालाच येत नव्हते. त्यानं काही अडलं नाही.

किल्ल्यांचा आवाज आला आणि गाणं थांबलं. मादाम झुलैखा जिन्याच्या तोंडाशी धापा टाकत उभ्या होत्या.

"शेगडी कुणी लावली?"

मादामनी सात शेगड्यांवरून नजर फिरवली, मग ताटाकडे पाहिलं, मग हवेत नाक वर केलं.

"खजूर कुठला?"

"तिमिमूनचा, मादाम," खैरा चाचरत म्हणाली.

"सरका." त्या ओट्यावर टेकल्या, हात पुढे केला, वडी खाल्ली, डोळे मिटले. "तूप कमी पडलंय," असं म्हणून त्यांनी दुसरी उचलली. "शेगड्या उद्या माझ्या कचेरीत जमा. आणि असला पसारा पुन्हा घालाल तर याद राखा. आता गा. थांबलात कशाला?"

"मादाम," तिसऱ्या मजल्यावरची पोरगी तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "आमच्याकडेही आहे गोदाम. तेवढंच मोठं. आमची भिंत कधी पाडायची?"

"आमचीही!" पाचव्या मजल्याची ओरडली.

मादामनी कपाळावर हात मारून घेतला, पण त्या कुणालाही नाही म्हणाल्या नाहीत.

वीज आली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. उन्हं कलू लागली तशा खालच्या पोरी उठल्या आणि आपल्या मैत्रिणींसाठी म्हणून दोन ताटल्या भरून घेऊन गेल्या. त्या ताटल्या नारिमानच्या. तिनं आरडाओरडा केला, "माझ्या आईच्या आहेत! परत आल्या नाहीत तर कलम लावीन!" तेव्हा खैरा हसत म्हणाली, "थांब, मी घेऊन येते," आणि जिन्यानं खाली उतरली.

संध्याकाळची अजान झाली. नारिमान जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघत होती. खालच्या मजल्यावरून खैराचा आवाज येत होता, ती काहीतरी सांगत होती, आणि तिच्याभोवती पाचसातजणी हसत होत्या. ताटल्या काही आल्या नाहीत. शेवटी नारिमान आणि दिहियाही खाली उतरल्या.